सोपारा ते कळंब : नावांच्या मागावर

विरार लोकलने नालासोपाऱ्याला उतरणाऱ्या बहुतेकांना हे एका गावाचे नाव वाटते. मुळात ती दोन नावांची जोडी आहे. सोपारा हे प्राचीन बंदर, आणि त्याच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूचे नाळे हे बागायतीचे गाव. स्थानकाच्या पाटीवर दोन्ही नावे एकत्र आली आणि पुढे शहर वाढले ते त्या जोडनावाने. अलीकडचे स्थानक आहे वसई रोड. हा ‘रोड’ रस्त्याचा नव्हे. रूळ मूळ गावापासून लांबून गेले, म्हणून स्थानक ‘वसईला जाण्याच्या वाटेवरचे’ ठरले. इंग्रजांच्या काळात तेच ‘बसीन रोड’ होते.

मला जायचे होते कळंबला. कळंब म्हणजे वसई तालुक्याच्या किनाऱ्यावरचे गाव. उत्तरेला राजोडी, दक्षिणेला भुईगाव, समोर अरबी समुद्र. शनिवार-रविवारी मुंबईकर तिथे जातात ते समुद्रासाठी. मी मात्र वाटेवरची नावे बघत, विचारत जायचे ठरवले होते. गल्लीचे, आळीचे, पाड्याचे नाव कुठून येते, कोण ठेवते आणि ते का टिकते, हे समजून घ्यायला या पट्ट्यासारखी दुसरी जागा मला माहीत नाही. इथे नावांचे थर आहेत आणि ते अजून वाचता येतात.

स्थानकाच्या पश्चिमेला पहिला अर्धा तास मात्र काहीच वाचता येत नाही. नगर, पार्क, कॉम्प्लेक्स, एव्हेन्यू, आणि त्यांना जोडलेले आकडे. २००९ साली विरार, नालासोपारा, वसई आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली. २०१४च्या १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. या सगळ्यात घरे उभी राहिली, माणसे आली, आणि ज्या जमिनीवर हे झाले तिची जुनी नावे सातबाऱ्यात आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरली. नव्याने आलेल्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला ते नाव कुणी सांगितलेच नाही.

सोपारा गावात शिरलो की मात्र शब्द बदलतात. या किनाऱ्याच्या वस्तीला स्वतःचे शब्द आहेत. आळी म्हणजे घरांची ओळ, बहुधा एका जातीची किंवा एका धंद्याची. पाडा म्हणजे गावापासून जरा सुटी वस्ती. वाडी म्हणजे विहीर, पाट आणि केळी-नारळीसकटची बागायत, आणि त्या बागायतीत राहणारी माणसेही. भाट म्हणजे माडांची लागवड असलेला तुकडा. खार आणि खाजण म्हणजे भरतीचे पाणी जिथे पोचते ती जमीन. बंदर आणि नाका हे शब्द सगळ्यांनाच ठाऊक आहेत. ‘गल्ली’ हा इथल्या तोंडातला मूळ शब्द नाही, तो बाजारपेठेबरोबर आला. म्हणून एखाद्या जागेला आळी म्हणतात की वाडी की पाडा, एवढ्यावरून तिथे आधी काय होते याचा निम्मा पत्ता लागतो.

मुंबईतले गिरगाव आठवून पाहा. फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट. आज तिथे फणस नाही की मूग नाही, तरी नावांवरून त्या जमिनीत काय पिकत होते ते कळते. खोताची वाडी हे नाव दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांवरून पडले. त्यांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले. लाकडी जिने आणि कौलारू छपरे ज्यांची, ती घरे ख्रिस्ती कुटुंबांची आणि वाडीचे नाव हिंदू खोताचे, दोन्ही नांदले. वाडी आणि भाट हे शब्द गिरगावात आणि वसईत एकाच अर्थाने रुजले आहेत, कारण हा किनारा एकच होता. मुंबई नंतर शहर झाली.

सोपाऱ्यातले सगळ्यात बोलके नाव एका टेकाडाचे आहे. लोक त्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत आले. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपे, रोवळ्या विणणारा. त्याचा राजा आणि त्याचा कोट! झाडाझुडपांत दडलेल्या या उंचवट्याकडे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी वळले. जुनागढचे हे विद्वान डॉ. भाऊ दाजी यांच्या हाताखाली तयार झाले होते. त्या वेळी जेम्स कॅम्बेल ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे काम करत होते आणि त्या निमित्ताने सोपाऱ्याच्या अवशेषांचा शोध सुरू झाला होता. खणल्यावर कळले की कोट म्हणून ज्याला ओळखले तो विटांचा बौद्ध स्तूप आहे.

मध्यभागी दगडाची गोल पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्या भोवती ब्राँझच्या आठ बैठ्या मूर्ती, सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय असावे? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते जपले गेले असावेत, असे भगवानलाल यांनी मानले. सोबत सोन्याची फुले होती आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचे एक चांदीचे नाणेही होते. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. सोन्याच्या आत माती ठेवणाऱ्या माणसांना काय मोलाचे वाटत होते, ते त्या पेटीइतके स्पष्ट कोणत्याही ग्रंथाने मला सांगितलेले नाही.

पण ‘बुरुड राजा’ कुठून आला? मला या नावाने पछाडले. सोपाऱ्याचे संस्कृत नाव शूर्पारक. शूर्प म्हणजे सूप. परशुरामाच्या कथेत आणि महाभारताच्या वनपर्वातल्या तीर्थयात्रेत हे शूर्पारक येते. सुपाच्या नावाचे नगर, आणि त्याच नगरातल्या टेकाडाला सुपे विणणाऱ्याच्या राजाचा कोट म्हणतात, हा मला योगायोग वाटत नाही. बौद्ध धर्म गेला, स्तूप विसरला गेला, संस्कृत नाव पुस्तकात राहिले. तरी गावकऱ्यांच्या बोलण्यात सूप आणि बुरुड टिकून राहिले, असा माझा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो मांडतो. पुरावा म्हणून एवढेच म्हणता येईल की लोक अशी नावे उगाच ठेवत नाहीत.

आज स्तूप पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. कुंपण आहे, झाडांची सावली आहे, बुद्धपौर्णिमेला गर्दी होते. एरवी दुपारी तिथे क्वचितच कुणी असते. विटांचा तो चढ बघताना आठवावे की बौद्ध कथांमधला पूर्ण हा व्यापारी याच सोपाऱ्याचा. त्याने बुद्धासाठी इथे चंदनाचा विहार बांधला, असे त्या कथा सांगतात. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्द्यांच्या पेरिप्लसमध्ये हे गाव ‘सुप्पारा’ म्हणून येते, टॉलेमीच्या भूगोलात येते, अरबांच्या लिखाणात ते ‘सुबारा’ किंवा ‘सुफारा’ होते. बायबलमधले सोन्याचे ओफीर म्हणजे हेच, असाही एक तर्क आहे. बाराव्या शतकात शिलाहार राजा अपरादित्याने आपला पंडित तेजकंठ याला इथूनच काश्मीरच्या विद्वत्सभेला पाठवले होते. आजूबाजूच्या चाळींतल्या मुलांना शाळेत हे सांगायला हवे. आपण राहतो त्या गावाला परदेशी लोक दोन हजार वर्षांपूर्वी नावाने ओळखत होते, हे कळल्यावर मूल आपल्या गल्लीकडे वेगळ्या नजरेने बघते.

सोपाऱ्यात रामकुंडही आहे. नाव साधे, महाराष्ट्रात जागोजाग सापडणारे. पण नाशिकच्या पांडवलेणीतल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा. त्यात तो आपली दाने मोजतो. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी खोदली. शोर्पारगातल्या ‘रामतीर्थ’ इथल्या चरकांना, म्हणजे फिरत्या साधूंना, आणि इतर ठिकाणच्या मंडळींना मिळून नानंगोल गावातली ३२,००० नारळाची झाडे दिली. हे रामतीर्थ म्हणजे सोपाऱ्याचे रामकुंड, असे अभ्यासकांनी मानले आहे. म्हणजे कुंडाच्या नावात राम जवळजवळ एकोणीसशे वर्षे आहे! याच लेखात पारदा, दमण, तापी, डहाणुका या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्याचा उल्लेख आहे. पार, दमणगंगा, तापी, डहाणू. पालघर जिल्ह्यातला डहाणू तेव्हाही डहाणूच होता.

इथेच भाटेला तलावाजवळ भगवानलाल यांना १८८२मध्ये अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुटका तुकडा मिळाला. तो लेख प्रवासाविषयी आहे. पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रेला, शिकारीला निघत; अशोक मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेला आणि तेव्हापासून त्याच्या यात्रांचे रूप बदलले. श्रमण-ब्राह्मणांना भेटणे, वृद्धांना भेटून त्यांना दान देणे, जनपदातल्या साध्या लोकांशी बोलणे, ही त्याची धम्मयात्रा. प्रवासवर्णन लिहिणाऱ्या प्रत्येकाने सोपाऱ्याला यावे असे मला वाटते ते यासाठी. पुढे १९५६ साली भुईगावात नवव्या लेखाचाही तुकडा सापडला. त्यात आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर आणि प्रवासाला निघताना लोक जी मंगलकार्ये करतात त्यांचा विषय आहे. घरातल्या नोकराचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांना मान देणे, हेच खरे मंगल, असे राजा म्हणतो.

सोपारा सोडून गास, उमराळ्याच्या बाजूने निर्मळकडे निघाले की शहर मागे पडते. रस्ता वाड्यांमधून वळत जातो. दोन्ही अंगांना केळी, माड, पानवेली, मोगऱ्याचे ताटवे, बावखले म्हणजे छोटी तळी, आणि विहिरी. हा सामवेदी, वाडवळ, कोळी, ख्रिस्ती वस्तीचा भाग. सामवेदी लोकांची कादोडी बोली अजून ओटीवर ऐकू येते. रिक्षावाला तरुण होता, मोबाइलमधला नकाशा बघून चालवत होता आणि नकाशात नसलेले काही त्याला माहीत नव्हते. शेवटी रस्त्याच्या कडेला भाजी घेऊन बसलेल्या बाईंना विचारले. टोपलीत वालाच्या शेंगा, दोन केळफुले आणि ओल्या फडक्याखाली मोगऱ्याच्या कळ्या. फडके बाजूला करून त्यांनी आधी कळ्यांवर पाण्याचा हात फिरवला आणि मग वाट सांगितली.

‘‘मावशी, कळंबला सरळच ना?’’

‘‘तळ्याच्या कडेने जा. पुढे चर्च लागेल, देऊळ लागेल. तिथून वाडीवाडीने गेलात तर सावली मिळेल. मोठ्या रस्त्याने जाऊ नका, ऊन लागेल.’’

तळे, चर्च, देऊळ, वाडी. रस्त्याचा क्रमांक नाही, दुकानाची पाटी नाही. गावातली वाट अशीच सांगितली जाते, आणि पुढे त्याच खुणा नाव होऊन बसतात. निर्मळचे तळे, त्याच्या काठी शंकराचार्यांची समाधी आणि देऊळ, जवळच होली क्रॉस चर्च. कार्तिक वद्य एकादशीपासून इथे मोठी जत्रा भरते आणि तिच्यात सगळ्या धर्मांची माणसे खरेदीला येतात. पोर्तुगीजांनी इथली देवळे पाडली, मराठ्यांनी पुन्हा उभी केली. ‘निर्मळ’ हे नाव दोन्ही राजवटींत तेच राहिले.

याच्या उलट तऱ्हेची गोष्ट वसईजवळच्या रमेदीची. पाली येथे आवर लेडी ऑफ रेमेडी या मातेचे पोर्तुगीजकालीन चर्च आहे. ‘रेमेदियुश’ म्हणजे इलाज, उपाय. दुखण्याखुपण्याला धावून येणारी ही माता लोकांनी आपली केली, नवस बोलले, आणि तिच्या पोर्तुगीज नावाला मराठी वळण देऊन त्या वस्तीलाच रमेदी म्हटले. आज कुणालाही हे नाव परके वाटत नाही. नुसत्या हुकमाने दिलेली नावे मात्र राहिली नाहीत. वसईला पोर्तुगीज ‘बसाईं’ म्हणत. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर मराठ्यांनी तिला ‘बाजीपूर’ असे नाव दिले. मराठ्यांचा तो विजय या किनाऱ्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा, तरी बाजीपूर रुजले नाही. इंग्रजांचे बसीन कागदावर दीडशे वर्षे चालले आणि कागदाबरोबर गेले. वसई मात्र वसईच राहिली. सत्तेने ठेवलेले नाव सत्तेबरोबर जाते, आणि माणसाने गरजेतून, भक्तीतून, रोजच्या वापरातून ठेवलेले नाव राहते, हे या एका तालुक्यात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचित कुठे दिसत असेल.

निर्मळहून कळंब जवळच. वाडीवाडीच्या वाटेने खरोखरच सावली मिळाली. दोन बाजूंना दगडी गडगे, त्यांच्यावर शेवाळ, मध्येच एखादा जुना रहाट, आता विजेच्या पंपाच्या शेजारी उभा. वाट जिथे वाळूत उतरते तिथे सुरूचे बन लागते. सुरू मूळचा आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडचा, वाळू धरून ठेवण्यासाठी किनाऱ्यावर लावलेला. त्यापलीकडे कळंबचा लांबलचक, काळसर वाळूचा किनारा. ओहोटीला पाणी खूप मागे जाते. सुट्टीच्या दिवशी घोडागाड्या, शहाळी, भुट्टे. आडवारी फक्त कोळ्यांच्या होड्या आणि सुकत घातलेली जाळी.

आणि कळंब हे नाव? ते झाडाचे आहे. कळंब म्हणजे कदंबाच्या कुळातला वृक्ष. पाणथळ जागा त्याला मानवते, पावसाळ्याच्या तोंडाशी चेंडूसारखी गोल, सुगंधी फुले येतात. कदंबाच्या नावावरून बनवासीच्या आणि गोव्याच्या कदंब राजांनी आपले कुळ ओळखले. महाराष्ट्रात या नावाची गावे कितीतरी आहेत. यवतमाळ जिल्ह्यात चिंतामणीचे कळंब, धाराशिवमध्ये कळंब, पुण्याच्या आंबेगाव तालुक्यात कळंब, रायगडमध्ये कर्जतजवळ कळंब. त्याशिवाय पनवेलची कळंबोली आणि कोल्हापूरचा कळंबा. जिथे हे झाड भरून होते तिथे माणसाने वेगळे नाव शोधले नाही. मुंबईतले चिंचपोकळी, वडाळा, ताडदेव, उंबरखाडी, आणि वसईकडचे चिंचोटी, बाभोळा हे त्याच जातीचे. झाड बघितले, तिथे राहिले, झाडाचे नाव घेतले. राजाचे नाव लागले असते तर ते राजाबरोबर गेले असते. झाडाचे नाव झाड गेल्यावरही पुरले.

पण त्यालाही मर्यादा आहे. ज्या नावाचा अर्थ कुणाला आठवत नाही आणि ज्याची खूणही दिसत नाही, ते नाव एका पाटीने पुसता येते. वस्ती वाढताना वाड्यांचे तुकडे पडतात, तळी बुजतात, आळ्यांच्या तोंडाशी संकुलांच्या कमानी उभ्या राहतात. नवा रहिवासी पत्ता सांगताना कमानीचे नाव सांगतो, पोस्टमन आणि सामान आणून देणारा मुलगाही तेच लिहितो. एका पिढीत आळीचे नाव वापरातून जाते. किल्ला पडला तर त्याचे दगड तरी उरतात. नाव वापरातून गेले की काहीच उरत नाही. म्हणून मला किल्ल्यांपेक्षा आळ्यांची काळजी अधिक वाटते.

यावर उपाय मोठा नाही, खर्चाचाही नाही. महापालिकेने आणि ग्रामपंचायतींनी नव्या पाट्या लावताना जुने नाव खाली लहान अक्षरात तरी लिहावे. शाळांनी सातवी-आठवीच्या मुलांना आपापल्या आळीचे, पाड्याचे, तळ्याचे नाव आणि त्याची गोष्ट आजीआजोबांकडून विचारून लिहायला लावावी. सोपारा, निर्मळ, भुईगाव आणि कळंब एवढ्या चार गावांत हे झाले तरी एक चांगला कोश तयार होईल, आणि त्यात बुरुड राजासारखी अजून किती माणसे सापडतील कोण जाणे.

तुम्हाला जायचे असेल तर नालासोपारा पश्चिमेहून सकाळी निघा. आधी स्तूप, मग रामकुंड, दुपारी निर्मळचे तळे, संध्याकाळी कळंब. पाणी आणि टोपी बरोबर ठेवा. पावसाळ्यात भरतीच्या वेळी समुद्रात उतरू नका. आणि वाटेत कुणी वयस्कर माणूस ओटीवर बसलेला दिसला तर थांबा, त्याच्या वाडीचे नाव विचारा, आणि घरी गेल्यावर ते लिहून ठेवा.